धुराड्यातला कार्बन विजेने पकडायचा तर: एका व्होल्टमागे ६०९ युनिट

ऋणाग्र

मंडळी, मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड बॅटरीसारख्या यंत्राने पकडता येतो म्हणतात, ते खरं का? तिथे दोन ओळींत "हो, येतो" असं लिहून मोकळा झालो, पण ते उत्तर अर्धवट होतं हे मलाच टोचत राहिलं. अकरा वर्षं याच कामात आहे. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी आजची रूढ पद्धत. धूर एका उंच मनोऱ्यात खालून सोडायचा आणि वरून अमाइनचं (अमोनियाच्या नात्यातलं एक रसायन) पाणी शिंपडायचं. थंड असताना अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरून ठेवतं, १२० अंशांच्या आसपास तापवलं की सोडतं. याचं पेटंट १९३० सालचं आहे. पद्धत चोख चालते, तक्रार आहे ती इंधनाची. नेहमीच्या द्रावणात ३० टक्के अमाइन आणि ७० टक्के पाणी असतं. म्हणजे जे काम तीस टक्क्यांचं, त्यासाठी शंभर टक्के द्रावण तापवायचं, थंड करायचं, पुन्हा तापवायचं. टनभर वायू सोडवायला साधारण साडेतीन गिगाज्यूल उष्णता लागते. धुरात १२ टक्के कार्बन डायऑक्साइड असेल तर तो वेगळा काढायला निसर्गनियमानुसार लागणारी किमान ऊर्जा टनामागे ३३ युनिटच्या आसपास आहे. साडेतीन गिगाज्यूल म्हणजे ९७० युनिट. एवढी तफावत दिसली की कुणाही रसायनवाल्याचे हात शिवशिवणारच.

विजेची पद्धत अशी की द्रावण तापवायचंच नाही, रेणूला थेट इलेक्ट्रॉन द्यायचा. सर्वात गाजलेलं उदाहरण क्विनोन नावाच्या सेंद्रिय रेणूंचं. २०१९ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या सहाग वोस्कियान आणि ॲलन हॅटन यांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांवर अँथ्राक्विनोन या क्विनोनचा बहुवारिक (पॉलिमर) लेप दिलेला इलेक्ट्रोड दाखवला. त्याला वीज दिली की क्विनोनचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू पकडून बसतो. विजेची दिशा उलटवली की सोडून देतो. बॅटरी चार्ज करताना वायू आत, डिस्चार्ज करताना बाहेर. त्यांनी ७००० आवर्तनं चालवली आणि क्षमता ३० टक्क्यांच्या आत घटली. ऊर्जेचा आकडा दिला प्रत्येक मोलला (रेणू मोजायचं रसायनवाल्यांचं माप) ४० ते ९० किलोज्यूल, म्हणजे टनामागे साधारण २५० ते ५७० युनिट. याच कामातून व्हर्डॉक्स कंपनी निघाली. २०२२ मध्ये तिला ८ कोटी डॉलर मिळाले. नॉर्वेच्या हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीनेही तिच्यात पैसे गुंतवले. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम एक टक्का असतो, तिथे अमाइनची पद्धत फार महाग पडते, हे त्यामागचं कारण.

आता मुद्द्याचं. ही आकडेमोड प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे २२,७२७ मोल. प्रत्येक रेणूमागे एक इलेक्ट्रॉन धरला तर फॅरेडेच्या स्थिरांकाने (एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युतभार) गुणून ६ लाख ९ हजार अँपिअर-तास होतात. यात कुणाची हुशारी चालत नाही, हा आकडा पक्का. म्हणजे सेलवर जितके व्होल्ट, त्याच्या ६०९ पट युनिट दर टनामागे. अर्ध्या व्होल्टवर काम झालं तर ३०५ युनिट. दोन व्होल्ट लागले तर १,२१८. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता गुणा. अर्ध्या व्होल्टच्या यंत्राने एक टन पकडताना वीजकेंद्राच्या चिमणीतून २१० किलो बाहेर पडला. दोन व्होल्टच्या यंत्राने साडेआठशे किलो. एक टन पकडला म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं आणि साडेआठशे किलो दुसऱ्या गावात सोडायचा, याला काय अर्थ आहे? म्हणून कुणीही नवं यंत्र दाखवलं की मी पहिलं विचारतो, सेलवर किती व्होल्ट, आणि एका रेणूमागे किती इलेक्ट्रॉन.

दुसरा प्रश्न ऑक्सिजनचा, आणि तो मी ठेच खाऊन शिकलो. माझे वडील इचलकरंजीला डाइंगमध्ये होते. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा इंडिगोच्या हौदातून कापड पिवळट हिरवं बाहेर यायचं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं व्हायचं. मला ती जादू वाटायची. हौदात रंगाला इलेक्ट्रॉन देऊन विरघळवलेलं असतं, बाहेर हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून घेतो, एवढीच ती जादू. अँथ्राक्विनोन त्याच कुळातलं. कितीतरी व्हॅट रंग (असे हौदात विरघळवून चढवायचे रंग) त्याच्याच सांगाड्यावर बनतात. तर प्रयोगशाळेत आमचा सेल शेकडो आवर्तनं उत्तम चालला. सिलिंडरमध्ये १५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन. मग एका कारखान्याच्या चिमणीला जोडला. तिथल्या धुरात आठ टक्के ऑक्सिजन. तीन दिवसांत क्षमता निम्म्यावर आली. इलेक्ट्रोडला दिलेले इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याला येण्याआधीच ऑक्सिजन पळवत होता, वर त्यातून पेरॉक्साइडसारखी जहाल संयुगं तयार होऊन लेपच खात होती. हायड्रोजन पेरॉक्साइडचे मोठे कारखाने अँथ्राक्विनोनच्या याच अभिक्रियेवर चालतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं. वडिलांच्या हौदाजवळ उभं राहून पाहिलेलंही होतं. तरी सिलिंडर भरताना ऑक्सिजन घालायचं सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या कारखान्यातल्या लोकांनी विश्वासाने जागा दिली होती.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

वर्धाकाठ

ऋणाग्र, धागा आवडला. मी चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटवाला, भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टला असतो. आमची गोष्ट जरा वेगळी आहे, ती इथे मांडतो. लोक म्हणतात कोळसा बंद करा, सौर करा. पण सिमेंटच्या कार्बनपैकी साधारण ६० टक्के कोळशातून येतच नाही, तो दगडातून येतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड जातो. भट्टी सूर्यावर चालवली तरी हे ४४ किलो जाणारच. आमच्या भागात गडचांदूरपासून घुग्घुसपर्यंत भट्ट्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरचा आहे. आमच्यासारख्या प्लँटला तुमचं यंत्र लावायचं तर वीज किती लागेल? वर्षाला दहा लाख टन क्लिंकर (भट्टीतून निघणारे खडे, ते दळून सिमेंट होतं) धरा.

ऋणाग्र

@वर्धाकाठ, छान प्रश्न. क्लिंकरच्या टनामागे ०.८५ टन धरू, म्हणजे वर्षाला साडेआठ लाख टन, तासाला ९७ टन. अर्धा व्होल्ट, टनामागे ३०० युनिट धरले तर वर्षाला साडेपंचवीस कोटी युनिट. म्हणजे रात्रंदिवस २९ मेगावॅट. पकडलेला वायू दाबून पाइपलाइनीत घालायचा तर टनामागे आणखी १०० युनिटच्या आसपास, म्हणजे वर दहा मेगावॅट. तुमच्याकडे दगड फोडण्यापासून सिमेंट दळण्यापर्यंत सगळं मिळून टनामागे ७०-८० युनिट लागत असतील ना? इथे क्लिंकरच्या एका टनामागे नुसत्या पकडण्याला २५५ लागले.

दुसरं, इलेक्ट्रोडची जागा. तासाला ९७ टन म्हणजे ५ कोटी ९१ लाख अँपिअर. चौरस मीटरमागे ५०० अँपिअर प्रवाह जमला (आजच्या पकडण्याच्या सेलसाठी हा बरा आकडा आहे) तर १ लाख १८ हजार चौरस मीटर इलेक्ट्रोड. २९ एकर. योगायोगाने मेगावॅटही २९ आणि एकरही २९, लक्षात ठेवायला सोपं. घड्या घालून, थर लावून ते दोन-चार शेडमध्ये मावेल, पण त्या २९ एकरांवर एकसारखा लेप द्यायचा आणि तो वर्षानुवर्षं टिकवायचा आहे.

बाष्प

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. मी बॉयलर आणि टर्बाइनवाला. तुम्ही ९७० युनिट उष्णता आणि ३०० युनिट वीज शेजारी ठेवलीत, ती तुलना बरोबर नाही. वाफेचं युनिट आणि विजेचं युनिट एका भावाचं नसतं. रीबॉयलरला (अमाइन तापवायच्या भांड्याला) लागते ती तीन-चार बार दाबाची वाफ. टर्बाइनमध्ये आपलं बरंचसं काम करून झालेली वाफ आपण तिथून काढून घेतो. तीच पुढे कंडेन्सरपर्यंत नेली असती तर तिच्यातून फार तर २०-२५ टक्के वीज निघाली असती. म्हणजे ९७० युनिट उष्णतेपायी खरं नुकसान २०० ते २४० युनिट विजेचं. तुमच्या ३०० पेक्षा कमी! वीजकेंद्रात अमाइन अजूनही जिंकतं.

ऋणाग्र

@बाष्प, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवं होतं. औष्णिक वीजकेंद्राला मी स्वतः विजेची पद्धत सुचवणार नाही. जिथे वाफ आहे तिथे अमाइन. भारतात आज जे काही चालू आहे ते बहुतेक याच वळणाचं आहे. तुतिकोरिनला २०१६ पासून बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६० हजार टन पकडून सोडा ॲश करण्याचा प्रकल्प, जमशेदपूरला टाटा स्टीलचा २०२१ चा दिवसाला ५ टनांचा, विंध्याचलला एनटीपीसीचा दिवसाला २० टनांचा. सगळे द्रावण आणि उष्णतेवर.

माझा सगळा जीव अडकलाय तो जिथे वाफच नाही तिथे. वर्धाकाठ यांच्या भट्टीत वाफेचं जाळं नसतं. नॉर्वेत ब्रेविकला सिमेंट कारखान्यात जगातला पहिला मोठा प्रकल्प जून २०२५ मध्ये सुरू झाला, वर्षाला ४ लाख टन, अमाइनवर. पण तो त्या कारखान्याच्या जवळपास निम्म्याच कार्बनला पुरतो, कारण तेवढ्याच वायूपुरती वाया जाणारी उष्णता तिथे मिळत होती. उरलेल्या निम्म्यासाठी वेगळा बॉयलर पेटवायचा, की वीज वापरायची? तिथे तुमची तुलनाही बदलते. वाफेसाठी मुद्दाम इंधन जाळायचं तर ९७० युनिट उष्णता पूर्णच्या पूर्ण खर्चात धरावी लागते.

वर्धाकाठ

बरोबर. आमच्याकडे प्रीहीटरमधून (भट्टीआधी भुकटी तापवणारा मनोरा) ३००-३५० अंशाचा वायू निघतो. त्यातली बरीचशी उष्णता दगडाची भुकटी वाळवायला जाते आणि राहिलेल्यावर वेस्ट हीटचा बॉयलर लावून वीज करतात. म्हणजे "वाया जाणारी" असं आता फारसं काही उरलेलं नाही. जी होती ती कधीच कामाला लागली.

पापडखार

कॉस्टिक सोड्याच्या प्लँटवर बावीस वर्षं काढली, सेल हाऊसमध्ये. ऋणाग्र यांचं २९ एकर वाचून हसू नाही आलं, धसका बसला. कारण पटलांचं (सेलमधल्या पातळ मेम्ब्रेनचं) दुखणं मला माहीत आहे.

आमचा सेल तीन व्होल्टवर चालतो आणि चौरस मीटरला पाच-सहा हजार अँपिअर ओढतो, म्हणजे तुमच्या दहापट. पण त्यासाठी मिठाच्या पाण्याची जी सरबराई करावी लागते ती बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून अब्जात वीस भागांच्या आत ठेवावं लागतं. एकदा ते पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनच्या कॉलमचं रीजनरेशन नीट झालं नाही आणि ते लक्षात यायला दीड दिवस गेला. रोज सकाळी मी प्रत्येक सेलचं व्होल्टेज वहीत उतरवायचो. त्या दिवशी ३.०२, ३.०३ दिसणारे सेल ३.११, ३.१४ दाखवायला लागले. वाचणाऱ्याला वाटेल शतांश तर वाढले! पण पटलाच्या आत चुना साचला की तो पुन्हा निघत नाही. सेल उघडला तेव्हा पटलावर पांढुरके ठिपके होते, खवल्यासारखे. ती पटलं काढून टाकावी लागली.

आता सिमेंटच्या धुरात नुसता चुनाच उडत असतो. बॅगहाऊसनंतरही (धूळ गाळणाऱ्या पिशव्या) थोडी धूळ राहतेच. वर एसओटू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तो आम्ल म्हणून कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोरकस, अल्कली दिसली की आधी तोच जाऊन बसणार आणि सुटणार नाही. म्हणून मला विचाराल तर यंत्राचा अर्धा खर्च सेलच्या आधी धूर धुण्यात जाईल.

एक हिशेब माझ्याकडून. कॉस्टिक विकत आणून कार्बन पकडायचा म्हटलं तर बायकार्बोनेटपर्यंत नेलं तरी टनाला ९०० किलो कॉस्टिक, म्हणजे दोन हजारांच्या आसपास युनिट. कार्बोनेटवर थांबलात तर दुप्पट. आणि मिठापासून कॉस्टिक करताना बरोबर येणारा क्लोरीन कुठे ठेवणार?

ऋणाग्र

@पापडखार दादा, तुमच्यासारख्या माणसाची वही या क्षेत्रातल्या पोरांनी वाचायला हवी. शतांश व्होल्ट ही चैन नाही, इथे तर मुळीच नाही. आमचा सेलच अर्ध्या व्होल्टवर चालवायचा म्हणतोय. त्यात ०.१ वाढला की खर्च वीस टक्क्यांनी वाढला. तुमच्या तीन व्होल्टमध्ये तोच ०.१ तीन टक्के.

क्लोरीन नको म्हणून बायपोलर पटलाची पद्धत निघाली. त्या पटलात पाण्याचेच दोन तुकडे होतात, एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्कली. अल्कलीने धूर धुवायचा, मग तेच द्रावण आम्लाला भेटवून वायू मोकळा करायचा. किमान ०.८३ व्होल्ट लागतात, म्हणजे हिशेब सुरूच होतो ५०५ युनिटपासून. प्रत्यक्षात त्याहून जास्त. पण यात ऑक्सिजनचं भय नाही, ही मोठी जमेची बाजू.

अबोली

मी कॉमर्सवाली, पण सगळं वाचलं आणि बऱ्यापैकी समजलंही, धन्यवाद. दोन शंका. पकडलेल्या वायूपासून पेट्रोल किंवा मिथेनॉल का करू नये, म्हणजे पैसेही सुटतील? आणि नाही केलं, तर तो ठेवणार कुठे?

मीरा_प

अबोलीताई, पहिल्याचं उत्तर मी देते, माझं पीएच.डी.चं काम याच विषयात आहे.

पकडणं म्हणजे रेणूचा हात धरणं, तिथे एक इलेक्ट्रॉन पुरतो. इंधन करणं म्हणजे तो रेणू मोडून नवा बांधणं. मिथेनॉलला प्रत्येक कार्बनमागे सहा इलेक्ट्रॉन लागतात आणि व्होल्टेजही जास्त. एक टन कार्बन डायऑक्साइडचं मिथेनॉल करायला कमीत कमी ४,४०० युनिट, तेही सगळं आदर्श चाललं तर. त्यातून मिथेनॉल मिळतं ७२७ किलो. जळल्यावर जी ऊर्जा परत मिळते ती आधी आपणच भरलेली असते, म्हणून वीज कोळशाची असेल तर हे उलटंच काम झालं. विंध्याचलचा प्रकल्प मिथेनॉलचाच आहे, दिवसाला दहा टनांचा, आणि त्यासाठीचा हायड्रोजन विजेनेच पाणी फोडून. शिकण्यासाठी ते महत्त्वाचं आहे. धूर संपवण्याचा उपाय म्हणून त्याकडे पाहू नये.

तांब्याच्या इलेक्ट्रोडवर थेट कार्बन डायऑक्साइडपासून हायड्रोकार्बन निघतात हे जपानच्या योशिओ होरी यांनी १९८५ च्या सुमारास दाखवलं. तेव्हापासून जगभर लोक त्यामागे आहेत, मीही. त्यातलं एक दुखणं सांगते. अल्कली द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडला की त्याचा बराचसा भाग कार्बोनेट होऊन वाया जातो. इथिलीन करताना तर दर चार रेणूंमागे तीन असे निसटतात. म्हणजे आधी पकडलेला पुन्हा पकडायचा! कारण साधं आहे. अल्कली ही कार्बन डायऑक्साइडची पक्की गिऱ्हाईक, इलेक्ट्रोडआधी तीच त्याला गाठते.

सह्यकडा

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे. मी भूशास्त्रातला. आइसलँडमध्ये हेलिशेइदी इथे कार्बफिक्स या प्रकल्पाच्या लोकांनी २०१२ मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला होता. बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला धरून कार्बोनेट खनिज बनवतं. आणि बेसॉल्ट म्हणजे आपला काळा कातळ, दख्खनचं पठारच. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर. आयआयटी मुंबईतलं कार्बन पकडण्या-वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र २०२२ पासून चालू आहे, तिथेही बेसॉल्टवर काम होतं.

पण मी याबाबत हरखून जात नाही. त्या पद्धतीला टनामागे वीस-पंचवीस टन पाणी लागतं. आणि आपल्या कातळाच्या भेगांतच आपल्या विहिरी आहेत. मराठवाड्यात एप्रिलमध्ये बोअरला पाणी लागावं म्हणून लोक काय काय करतात ते मी सर्वेक्षणात पाहिलं आहे. खोलवर सोडलेला वायू वरच्या पाण्याला कुठे भेटतो का, हे जागोजागी भोकं पाडून वर्षानुवर्षं तपासल्याशिवाय कुणी होकार देऊ नये. चंद्रपूरच्या भट्ट्यांबद्दल म्हणाल तर त्यांच्या खाली चुनखडी आहे, कातळ सुरू होतो तो पश्चिमेला यवतमाळच्या बाजूला. म्हणजे पाइपलाइन आली.

बाष्प

एक राहिलं. वितळलेल्या कार्बोनेटचा फ्युएल सेल (इंधनापासून थेट वीज करणारा सेल)! त्यात वीज खर्च होत नाही, उलट तयार होते ना?

ऋणाग्र

होय, आणि मला तो फार देखणा वाटतो. ६५० अंशांना कार्बोनेट मीठ वितळलेलं असतं. एका बाजूने धूर द्यायचा, तिथे कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मिळून कार्बोनेट आयन होतो, तो मिठातून पोहत पलीकडे जातो आणि हायड्रोजनला भेटून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. पाण्याची वाफ थंड करून काढली की घट्ट प्रवाह हातात. इथे ऑक्सिजन शत्रू नाही, भागीदार आहे. अमेरिकेतली फ्युएलसेल एनर्जी आणि एक्सॉनमोबिल यांनी २०१६ पासून यावर एकत्र काम केलं. अडचण इतकीच की पलीकडच्या बाजूला नैसर्गिक वायू जाळल्यासारखाच खर्चावा लागतो, आणि गंधकाचा अंशही त्या सेलला सोसत नाही. जिथे नळाने गॅस येतो तिथे ठीक. चंद्रपूरला कोळसा आहे, तिथे गंधकही आहे.

सिमेंटसाठी मला याहून जवळचा वाटतो तो उलटा विचार. धुरातून पकडण्याऐवजी दगडच विजेने फोडायचा. २०१९ मध्ये एमआयटीतल्या लेआ एलिस आणि येट-मिंग चियांग यांनी पाण्याचं विघटन करणाऱ्या सेलमध्ये चुनखडी टाकून दाखवली. आम्लाच्या बाजूला ती विरघळते, अल्कलीच्या बाजूला चुना बसतो आणि कार्बन डायऑक्साइड धूर-धुळीविना वेगळा बाहेर येतो. त्यातून सब्लाइम सिस्टिम्स ही कंपनी निघाली. वीज भरपूर लागते, पण पकडण्याचं वेगळं यंत्रच लागत नाही.

मीरा_प

ऋणाग्र सर, माझ्या कामाचं विचारते. मी क्विनोनवरच आहे आणि तुमचा ऑक्सिजनचा अनुभव वाचून रात्री झोप आली नाही. आमचेही सगळे प्रयोग नायट्रोजनच्या मिश्रणावर झालेत. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या हाओतियन वांग यांच्या गटाने २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत जो सेल दाखवला त्यात ऑक्सिजनलाच कामाला लावलंय. ऋणाग्रावर (कॅथोडवर) ऑक्सिजनपासून अल्कली करायची, तिनेच कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि मधल्या घन थरात सोडायचा. मी क्विनोन सोडून तिकडे वळू का?

ऋणाग्र

सोडू नका. त्या पद्धतीत ऑक्सिजनची अभिक्रिया दोन्ही टोकांना चालवावी लागते, त्यामुळे व्होल्टेज क्विनोनइतकं खाली येणं अवघड. खाली उतरण्याची खरी शक्यता क्विनोनमध्येच आहे. फक्त असा रेणू शोधा जो कमी ओढाताणीत इलेक्ट्रॉन घेतो. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देण्याइतका तो तयार नसावा, पण कार्बन डायऑक्साइडला धरण्याइतका नक्की असावा. ही फट अरुंद आहे, पण आहे. बाजूच्या साखळ्या बदलून लोक ती शोधताहेत.

आणि पुढचा सिलिंडर मागवाल तेव्हा १२ टक्के कार्बन डायऑक्साइड, ८ टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन, ओलाव्यासकट. पहिल्या दिवसापासून. आकडे वाईट येतील, गाइडना आधीच सांगून ठेवा.

वर्धाकाठ

मीराताई, तुम्ही प्रयोगात ऑक्सिजन एकच आकडा धरून चालू नका. आमच्या चिमणीला तो दिवसभर हलतो. रॉ मिल (दगड दळायची चक्की) चालू असली की बाहेरची हवा आत खेचली जाते, ऑक्सिजन वर जातो आणि कार्बन डायऑक्साइड पातळ होतो. मिल बंद केली की दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही उलटे फिरतात, तापमानही एकदम चढतं. रात्रीच्या शिफ्टला हे दोनदा तरी होतं. गेटवरच्या बोर्डावर धूळ, एसओटू आणि नॉक्सच (नायट्रोजनची ऑक्साइडं) दिसतं, पण आतल्या ॲनालायझरला हे सगळं मिनिटामिनिटाला नोंदलेलं असतं. साहेबांची परवानगी घेऊन एका आठवड्याचे आकडे देऊ शकेन बहुतेक.

मीरा_प

दादा, खरंच मिळतील? मिल बंद-चालू होतानाचे मला सगळ्यात आधी हवेत.

वर्धाकाठ

सोमवारी विचारतो. त्या दिवशी शटडाऊनची मीटिंग आहे, साहेब जागेवर असतात.

पापडखार

मीरा, एक कर बाळ. ते आकडे आले की सेलचं व्होल्टेजही त्याच घड्याळावर नोंद. दर मिनिटाला, एकच सरासरी नको. मिल बंद झाल्यावर ते किती वेळाने हलतं ते बघ.